उन्हाळ्यात टायरची हवा सोडू नका: तापलेल्या हवेचा हिशोब आणि हवा तपासण्याची नेमकी पद्धत

मार्च संपला की विदर्भातल्या कुठल्याही फाट्यावरच्या पंक्चरच्या दुकानात हे वाक्य कानावर येतं: "भाऊ, ऊन लय तापून रायलं, हवा थोडी कमीच ठेवतो." गिऱ्हाईक मान डोलावतं. भर दुपारी, धावून आलेल्या गाडीच्या तापलेल्या टायरमधून हवा सोडली जाते आणि दोघांचंही समाधान होतं.

उन्हाने टायरमधला दाब वाढतो, हे अगदी खरं. पण तो वाढणार हे धरूनच टायर बनवलेला असतो आणि कंपनीने सांगितलेला आकडाही थंड टायरचा असतो. गरम टायरमधून हवा सोडली की तो थंड झाल्यावर हवा कमी पडते. कमी हवेचा टायर धावताना जास्त दबतो, त्याच्या बाजूच्या भिंती प्रत्येक फेऱ्यात वाकतात, आणि तार पुन्हापुन्हा वाकवली की जशी तापते तसा तो रबर आतून तापत जातो. उन्हाळ्यात रस्त्यावर फुटणारे टायर बहुतेक वेळा असे, कमी हवेमुळे जास्त तापलेले असतात. म्हणजे फुटू नये म्हणून जे केलं, त्यानेच फुटण्याची वेळ जवळ आणली.

पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. मोजण्याआधी भरलं किंवा थंड होण्याआधी मोजलं, तर बाकीची मेहनत वाया जाते.

## टप्पा १: दाब किती वाढतो ते आधी कागदावर काढा

हा टप्पा गाळू नका. आकडा स्वतः काढून पाहिला की दुकानात कोणी काहीही सांगितलं तरी गोंधळ होत नाही.

टायरमधल्या हवेचे रेणू सतत धावत असतात आणि टायरच्या आतल्या भिंतीवर आदळत असतात. हवा तापली की त्यांचा वेग वाढतो. ते जास्त जोराने आणि जास्त वेळा आदळतात. फुगा असता तर मोठा झाला असता. टायरमध्ये नायलॉनचे किंवा तारेचे थर असतात, ते त्याला फारसं फुगू देत नाहीत. जागा तेवढीच राहते, म्हणून तापण्याचा सगळा परिणाम दाबात दिसतो. जागा कायम असेल तर दाब तापमानाच्या प्रमाणात वाढतो. शाळेच्या पुस्तकात हाच गे-लुसॅकचा नियम म्हणून येतो.

हिशोबात दोन ठिकाणी हमखास घसरायला होतं.

पहिलं ठिकाण गेज, म्हणजे हवेचा दाब मोजायचं यंत्र. गेजवरचा आकडा हा पूर्ण दाब नसतो. बाहेरच्या हवेपेक्षा आत किती जास्त दाब आहे, तेवढंच गेज सांगतं. पूर्ण बसलेल्या टायरवर गेज ० दाखवतं, तरी आत बाहेरच्याइतक्या दाबाची हवा असतेच. बाहेरच्या हवेचा दाब समुद्रकाठी १४.७ पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड, दाब मोजायचं एकक) असतो. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे, तिथे तो १४ च्या किंचित वर. विदर्भातल्या हिशोबासाठी १४ धरला तरी चालतो. गेजच्या आकड्यात हे १४ आधी मिळवायचे.

दुसरं ठिकाण तापमान. सेल्सियसचा आकडा जसाच्या तसा वापरायचा नाही, त्यात २७३ मिळवायचे. शून्य अंश सेल्सियसला पाणी गोठतं, पण हवेचे रेणू थांबत नाहीत. प्रमाण मांडायचं तर मोजणी खऱ्या शून्यापासून, म्हणजे उणे २७३ पासून करावी लागते.

आता एक उदाहरण. मोटारसायकलच्या मागच्या टायरला २८ पीएसआय सांगितले आहेत. सकाळी हवेचं तापमान २७ अंश आहे. दुपारी गाडी धावून आल्यावर टायरमधली हवा ५७ अंशांवर गेली.

- सकाळचा पूर्ण दाब: २८ + १४ = ४२
- सकाळचं तापमान: २७ + २७३ = ३००
- दुपारचं तापमान: ५७ + २७३ = ३३०
- दुपारचा पूर्ण दाब: ४२ × ३३० ÷ ३०० = ४६.२
- दुपारी गेजवर दिसणारा आकडा: ४६.२ − १४ = ३२.२

वाढ झाली जेमतेम ४ पीएसआयची. २७३ आणि १४ न मिळवता कोणी सरळ २८ × ५७ ÷ २७ केलं, तर उत्तर ५९ येतं आणि माणूस घाबरतो. उन्हात हवा दुपटीने वाढते ही समजूत खरी ठरायची असेल तर हिशोब असाच चुकवावा लागेल.

आता उलट बाजू बघा. दुपारी ३२ दिसले म्हणून दुकानदाराने हवा सोडून ती २८ वर आणली. रात्री टायर परत २७ अंशांवर आला. पूर्ण दाब राहिला ४२ × ३०० ÷ ३३०, म्हणजे ३८.२. गेजवर २४. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी ४ पीएसआय कमी हवेवर निघते, मागे माणूस आणि पुढे खताची बॅग घेऊन. दुपारी टायर आणखी तापतो, परत कोणीतरी हवा सोडतं, आणि परत तेच.

रोजच्या वापराला एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे: तापमानात १० अंशांचा फरक पडला की २८ पीएसआयच्या टायरमध्ये साधारण १.४, ५० पीएसआयच्या ट्रॉलीच्या टायरमध्ये साधारण २, आणि १४ पीएसआयच्या ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये १ पीएसआयपेक्षा थोडा कमी फरक पडतो.

तपासून पाहा: तुमच्या गाडीचा आकडा घेऊन हाच हिशोब ४५ अंशांसाठी करा. मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा हा आकडा हाताशी असू द्या.

## टप्पा २: योग्य आकडा शोधा

टायरच्या भिंतीवर कोरलेला मोठा आकडा भरायचा नसतो. तो त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो. कारच्या टायरवर ४४ किंवा ५१ पीएसआय लिहिलेलं असतं, आणि तेच वाचून कोणी ४४ भरतं. गाडी टणटण उडते, ब्रेक दाबल्यावर चाकाची पकड कमी मिळते, टायर मधोमध झिजतो.

भरायचा आकडा गाडीच्या कंपनीने दिलेला असतो. कारमध्ये तो चालकाच्या दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो. मोटारसायकलवर चेनच्या कव्हरवर किंवा मागच्या चाकाजवळ स्टिकर असतं. ते निघून गेलं असेल तर माहितीपुस्तिकेत मिळतं. एकटं चालवताना वेगळा आणि मागे माणूस बसल्यावर वेगळा, असे दोन आकडे असतात. आपल्याकडे दुचाकीवर एकटा माणूस क्वचितच दिसतो, म्हणून बहुतेकांनी दुसरा आकडा वापरावा.

एककांचाही घोळ होतो. स्टिकरवर कधी पीएसआय असतं, कधी किलो प्रति चौरस सेंटीमीटर, कधी बार. १ किलो प्रति चौरस सेंटीमीटर म्हणजे १४.२ पीएसआय, आणि १ बार म्हणजे १४.५ पीएसआय. स्टिकरवर २ लिहिलं असेल तर ते साधारण २८ ते २९ पीएसआय.

सावधान: उन्हाळ्यासाठी ५ कमी आणि हिवाळ्यासाठी ५ जास्त, असा नियम बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत सापडणार नाही. आकडा बाराही महिने एकच असतो. बदलतं ते तापमान, आणि म्हणूनच परत परत मोजावं लागतं.

## टप्पा ३: साहित्य जमवा

स्वतःचं गेज घ्या. पेन्सिलसारखं, घड्याळाच्या तबकडीचं किंवा डिजिटल, कुठलंही चालेल. तबकडीचं मला जास्त भरवशाचं वाटतं, कारण सेल संपायची भानगड नसते. मोटारसायकलवाल्याने ६० पीएसआयपर्यंतचं घ्यावं. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरसाठी ३० पर्यंतचं वेगळं गेज बरं, कारण मोठ्या पल्ल्याच्या गेजवर १२ आणि १४ मधला फरक नीट दिसत नाही.

सोबत पायपंप किंवा १२ व्होल्टवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर, व्हॉल्व्हच्या जास्तीच्या टोप्या, वाटीभर साबणाचं पाणी आणि एक वही. वहीत तारीख, वेळ, हवेचं तापमान आणि प्रत्येक चाकाचा आकडा लिहायचा. तापमान मोबाईलवर मिळतं.

पायपंप का सांगतो? कारण बरोबर वेळी, म्हणजे उजाडताना, फाट्यावरचं दुकान बंद असतं. तिथपर्यंत गाडी चालवत गेलात तर टायर तापतोच.

तपासून पाहा: गेज उन्हात, टाकीवर किंवा डॅशबोर्डवर ठेवू नका. विकत घेतल्यावर एकाच टायरवर, लागोपाठ, तुमचं आणि ओळखीच्या दुकानातलं गेज लावून बघा. दोघांत २ पीएसआयपेक्षा जास्त फरक असेल तर तिसरं गेज लावून खात्री करा.

## टप्पा ४: वेळ साधा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

गाडी निदान ३ तास उभी असावी आणि तिच्यावर ऊन आलेलं नसावं. उन्हाळ्यात याचा अर्थ पहाटे किंवा सूर्य वर यायच्या आधी. संध्याकाळी उन्ह उतरल्यावर मोजणारे पुष्कळ आहेत, पण मे महिन्यात संध्याकाळी सातलाही आवारातली फरशी आणि डांबर तापलेलं असतं. त्यावर उभं असलेलं चाक थंड नसतं.

उभ्या गाडीवर ऊन पडलं तरी टायर तापतो. घराच्या पूर्वेला उभ्या केलेल्या गाडीची एक बाजू सकाळी आठ-नऊ वाजताच तापायला लागते. उन्हाकडचा टायर सावलीतल्यापेक्षा २० अंश गरम असेल तर २८ च्या टायरवर जवळपास ३ पीएसआयचा फरक दिसतो. माणूस समजतो, सावलीतला टायर गळतोय. त्यात हवा भरतो, आणि रात्री दोन्ही बाजू असमान होतात. दोन्हीकडे एकच सावली मिळेल अशी जागा निवडा.

गरम टायरवर पाणी टाकून लगेच मोजणं ही आणखी एक सवय. पाण्याने बाहेरचं रबर निवतं, आतली हवा तेवढ्या वेळात निवत नाही. आकडा ना थंडचा येतो ना गरमचा.

सावधान: चाकाला हात लावून तो थंड लागतो म्हणून मोजायला घेऊ नका. हाताला बाहेरचं रबर कळतं, आतली हवा कळत नाही. घड्याळ बघा.

## टप्पा ५: मोजा, मग भरा, मग परत मोजा

१. व्हॉल्व्हची टोपी काढा, तोंडावरची माती पुसा. काळ्या मातीचा कण आत गेला की व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि हवा हळूहळू जाते.

२. गेज सरळ, एका दमात दाबा. सू असा आवाज येत राहिला तर ते तिरकं बसलंय. तो आकडा सोडून द्या. दोनदा मोजा. दोन्ही आकडे जुळले तरच वहीत लिहा.

३. आधी सगळी चाकं मोजून लिहा, भरायला नंतर घ्या. एक चाक मोजून लगेच भरलं की कुठलं चाक जास्त उतरतंय ते कळत नाही.

४. कमी असेल तर भरा, आणि २ पीएसआय जास्तच भरा. पायपंपाचा नळकांडा भरताना हाताला गरम लागतो, कारण हवा दाबली की ती तापते. ती गरम हवा टायरमध्ये गेली की आकडा क्षणभर जास्त दिसतो. दहा-पंधरा मिनिटं थांबा, परत मोजा, आणि मगच जास्तीची हवा सोडून नेमक्या आकड्यावर या. हवा सोडायची असेल तर ती इथे, थंड टायरवर.

५. व्हॉल्व्हवर साबणाच्या पाण्याचे दोन थेंब टाका. बुडबुडा आला तर व्हॉल्व्हची पिन घट्ट करा किंवा बदला.

६. टोपी लावा. टोपीशिवाय फिरणारी चाकं आपल्याकडे घरोघरी आहेत, आणि धूळही आपल्याकडे भरपूर आहे.

चांगल्या टायरमधूनही महिन्याला साधारण १ पीएसआय हवा रबरातून आपोआप जाते. महिन्यात त्याहून बरीच जास्त जात असेल आणि तापमान फारसं बदललं नसेल, तर पंक्चर किंवा व्हॉल्व्ह शोधा.

नायट्रोजनबद्दल लोक विचारतात, म्हणून थोडक्यात. नायट्रोजन तापत नाही किंवा त्याचा दाब वाढत नाही, असं सांगून पैसे घेतले जातात. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो, आणि तापल्यावर नायट्रोजनचा दाबही वरच्याच हिशोबाने वाढतो. दुकानातून येणारा नायट्रोजन कोरडा असतो, एवढा फायदा खरा. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं. ते टायरमध्ये गेलं तर तापल्यावर त्याची वाफ होऊन दाब एक-दोन पीएसआयने जास्त वाढू शकतो. टाकीतलं पाणी रोज काढणाऱ्या दुकानात साधी हवा भरा, काम भागतं.

## टप्पा ६: वाटेत, गरम टायरमध्ये हवा भरावी लागली तर

दारव्ह्याहून यवतमाळला निघालात आणि वाटेत चाक नरम वाटलं, तर तिथे ३ तास थांबणं शक्य नसतं. अशा वेळी सांगितलेल्या आकड्यापेक्षा ३ ते ४ पीएसआय जास्त भरा. थंडला २८ असेल तर गरम असताना ३२. घरी पोचल्यावर दुसऱ्या पहाटे मोजून दुरुस्त करा. सगळी चाकं सारखीच तापलेली असतात, म्हणून एकच चाक बाकीच्यांपेक्षा बरंच कमी दाखवत असेल तर गळती त्याच चाकात आहे.

सावधान: पेट्रोल पंपावरचं डिजिटल यंत्र आकडा टाकला की आपोआप भरतं, तसंच आपोआप सोडतंही. गरम टायर ३२ वर असताना तुम्ही २८ टाकलंत, तर यंत्र इमानदारीने ४ पीएसआय काढून टाकेल. भरणाऱ्याला आधीच ३२ लावायला सांगा.

समृद्धी महामार्गावर जाणाऱ्या कारवाल्यांनी हवेची तपासणी निघायच्या आदल्या दिवशीच संपवावी. नागपूर, वर्धा, अमरावती, वाशिम, बुलढाणा या जिल्ह्यांतून जाणारा हा सिमेंटचा सरळ रस्ता आहे, कारला ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे, आणि एकाच वेगात तासन् तास गाडी पळते. कमी हवेचा टायर गावच्या रस्त्यावर कसाबसा चालून जातो, कारण मधेमधे थांबल्यावर निवतो. इथे त्याला निवायला वेळ मिळत नाही. टायरचं वयही बघा. भिंतीवर चार आकड्यांचा शिक्का असतो. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. उष्णतेने रबर कडक होतं, भेगा पडतात. भिंतीवर भेगा असलेला टायर नेमकी हवा भरूनही मे महिन्यात महामार्गावर नेऊ नका.

परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढलात तर बाहेरच्या हवेचा दाब सुमारे १ पीएसआयने कमी होतो, म्हणून गेज तेवढं जास्त दाखवतं. वरच्या गारव्यामुळे ती वाढ बरीचशी भरून निघते. तिथे काही करायची गरज नाही.

## टप्पा ७: ट्रॅक्टर आणि ट्रॉली

ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये हवा मुळातच कमी असते, शेतात साधारण १२ ते १४ पीएसआय. इथे २ पीएसआय सोडणं म्हणजे मोटारसायकलमधून ४ सोडण्यासारखं. मे महिन्यात नांगरणीच्या वेळी दुपारी टायर टणक लागतो म्हणून हवा सोडली, तर दुसऱ्या सकाळी टायर डिस्कवर (तो चढवलेल्या लोखंडी चाकावर) सरकायला लागतो, व्हॉल्व्ह तिरका होतो, ट्यूब फाटते. शेतात आणि रस्त्यावर चालवायचे आकडे पुस्तिकेत वेगवेगळे असतात. शेतातल्या हवेवर भरलेली ट्रॉली ओढत डांबरावर निघू नका.

मागच्या टायरमध्ये वजनासाठी पाणी भरलेलं असेल तर मोजताना व्हॉल्व्ह वर, घड्याळातल्या बाराच्या जागी आणा. खाली असेल तर पाणी गेजमध्ये शिरतं, आणि पाण्याच्या उंचीमुळे आकडाही जास्त येतो. अशा टायरचा तीन-चतुर्थांश भाग पाण्याने भरलेला असतो. तापल्यावर पाणीही थोडं फुगतं आणि उरलेल्या थोड्या हवेला आणखी दाबतं, म्हणून हवाच भरलेल्या टायरपेक्षा इथे दुपारी वाढ जास्त दिसते. तरी नियम तोच: पहाटे मोजा, पहाटेच दुरुस्त करा.

ट्रॉलीचा धोका लोक उन्हाळ्यात शोधतात, पण ओझ्याचा मोसम वेगळाच असतो. कापूस जिनिंगला जातो तो दिवाळीनंतर, थंडीत. समजा दिवाळीत दुपारी, शेतातून आलेल्या ट्रॉलीच्या ४७ अंश तापलेल्या टायरमध्ये ५० पीएसआय भरले. डिसेंबरच्या पहाटे, नागपूर भागात नेहमी असतं तसं १२ अंश तापमान असताना, ६४ × २८५ ÷ ३२० = ५७, आणि १४ वजा केल्यावर गेजवर ४३. काही गळालेलं नसताना ७ पीएसआय गेले, आणि नेमक्या त्याच पहाटे ट्रॉली शिगोशीग भरून निघते. ट्रॉलीला बहुधा स्टिकर नसतं. टायर विकणाऱ्याकडून त्या मापाच्या टायरचा, तुमच्या वजनाचा आकडा लिहून घ्या आणि तो ट्रॉलीच्या पुढच्या फळीवर रंगवून ठेवा. रबरी चाकांच्या बैलगाडीलाही हेच लागू.

तपासून पाहा: ट्रॉली भरायच्या आधी मोजा, भरल्यावर नाही. ओझ्याने टायर दबलेला दिसतो, पण गेजचा आकडा फारसा बदलत नाही. डोळ्यांना दिसतं त्यावरून हवा भरत सुटू नका.

## टप्पा ८: टायर चढवलेल्या डिस्कला आगीजवळ नेऊ नका

हे वेगळं लिहितोय, कारण यात जीव जातो.

ट्रॉलीची डिस्क चिरली की ती टायरसकट वेल्डिंगच्या दुकानात नेतात. नट गंजून अडकला की गॅसच्या ज्योतीने तापवतात. वरच्या सगळ्या हिशोबात आपण फार तर ३०-३५ अंशांच्या फरकाबद्दल बोलत होतो. वेल्डिंगच्या जागी लोखंड शेकडो अंश तापतं. आतली हवा तापून दाब वाढतोच, शिवाय आतलं रबर भाजून त्यातून पेटणारे वायू सुटतात. ते बंद जागेत हवेत मिसळून पेटले की टायर बॉम्बसारखा फुटतो. वेल्डिंग झाल्यावर काही वेळानेही हा स्फोट होऊ शकतो.

हवा काढली म्हणजे झालं, असं समजू नका. बसलेल्या टायरमध्येही हवा असते आणि रबर असतंच. टायर डिस्कवरून पूर्ण उतरवा, ट्यूब बाहेर काढा, मगच डिस्क वेल्डरकडे न्या. वेल्डर "काही नाही होत" म्हणाला तरी ऐकू नका, आणि तो ऐकत नसेल तर पोरांना घेऊन तिथून लांब व्हा.

## टप्पा ९: वर्षभराचं वेळापत्रक

दर पंधरा दिवसांनी पहाटे मोजणं उत्तम. तेवढं जमत नसेल तर मोसम बदलताना तरी मोजा.

मार्चअखेर: थंडीत नेमकी भरलेली हवा आता पहाटेसुद्धा २ पीएसआयपर्यंत जास्त दिसेल. थंड टायरवर मोजून तेवढीच सोडा. उन्हाळ्याआधी हवा कमी करायची ती एवढीच, आणि गेज लावूनच.

जून, मृगाच्या आसपास: पहिल्या पावसाने तापमान एकदम उतरतं, दाबही उतरतो. त्यातच रस्ते ओले होतात. पेरणीच्या घाईत हे मोजणं राहून जातं, म्हणून बियाणं आणायला तालुक्याला जाण्याआधीच उरकून घ्या.

नोव्हेंबर, पहिली थंडी पडल्यावर: दुचाकी, ट्रॅक्टर, ट्रॉली, सगळी चाकं. त्यानंतर कापूस आणि तुरीची वाहतूक संपेपर्यंत महिन्यातून दोनदा.

या प्रत्येक वेळी स्टेपनीही मोजा. ती वर्षभर कोणी बघत नाही, महिन्याला एक-एक पीएसआय घालवत बसते, आणि लागते तेव्हा निम्मी रिकामी निघते. स्टेपनीत सांगितलेल्या आकड्यापेक्षा ३ पीएसआय जास्त ठेवा. लावताना गेजने नेमकी करून घेता येते.